फिरती सुशी : आईबाबांना कुठे नेऊ, काय खायला घालू?

देवगडची_पोर · १४ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

पुढच्या सोमवारी आई-बाबा पहिल्यांदाच जपानला येतायत, तीन आठवड्यांसाठी. आम्ही तोक्योत निशी-कासाईला, भारतीयांच्या वस्तीत राहतो, म्हणजे डोशापासून ढोकळ्यापर्यंत सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. खाण्याची तशी चिंता नाही. पण बाबांनी फोनवर फुजी विचारला नाही, बुलेट ट्रेन विचारली नाही. विचारलं ते एवढंच : "त्या बशा फिरतात ता हाटेल तुझ्या घराजवळ आसा काय?"

म्हणजे फिरती सुशी : भातावर मासा ठेवलेल्या बशा पट्ट्यावरून टेबलाजवळून फिरतात, हवी ती उचलायची. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलंय. बाबा एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी देवगड डेपोत. फिरून परत जागेवर येणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना जिव्हाळा आहे.

अडचण अशी की बाबा पट्टीचे मासेखाऊ, पण कच्चा मासा जन्मात तोंडात घातलेला नाही. वर डायबेटिस. आई घाटावरची, अंडं खाते, मासे नाही (चाळीस वर्षं बाबांसाठी रोज बांगडे तळले, स्वतः एक तुकडा चाखला नाही). मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला फक्त खेळणं मिळालं पाहिजे. नवरा शाकाहारी, त्यामुळे तीन वर्षांत मी स्वतः एकदाच तिथे गेलेय, ऑफिसच्या लोकांबरोबर. त्यांनी मागवलं, मी खाल्लं. काय खाल्लं ते आजही माहीत नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं : तिथे बसल्यापासून बिल देईपर्यंत नक्की काय काय करायचं असतं? आणि आईला उपाशी न ठेवता हे जमेल का?

---

खवट_खोबरं · १४ मार्च, रात्री १०:०५

जागा धरतो. शेंगदाणे घेऊन बसलोय.

एकच सूचना : टेबलावर काळं बटण असलेली तोटी दिसेल. ती हात धुवायची नाही. पुन्हा सांगतो, ती हात धुवायची नाही. हे ज्ञान मी उजव्या तळहाताच्या मोबदल्यात मिळवलेलं आहे.

---

सागरी_सुमन · १४ मार्च, रात्री १०:११

खवट, हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे सासऱ्यांनी त्याच तोटीखाली डाळीच्या वाटीसारखी सोयासॉसची बशी विसळली होती.

---

बाळ्या_ओसाकाकर · १४ मार्च, रात्री ११:३०

ताई, बाबांना म्हणावं, प्रश्न अगदी योग्य विचारलात. हा प्रकार आमच्या ओसाकाचा. तोक्योवाल्यांनी नंतर उचलला.

शिराइशी योशिआकी नावाचे गृहस्थ ओसाकाला लागून असलेल्या भागात उभ्याने खायचं स्वस्त सुशीचं दुकान चालवायचे. आसपास छोटे कारखाने, कामगारांची गर्दी, आणि वाढायला माणसं मिळेनात. ते आसाही बिअरचा कारखाना बघायला गेले, तिथे पट्ट्यावरून बाटल्या सरकताना पाहिल्या, आणि डोक्यात घेतलं की बाटल्या सरकतात तर बशा का नाही. १९५८ मध्ये हिगाशी-ओसाकात, फुसे स्टेशनजवळ, पहिलं फिरतं दुकान उघडलं. मग १९७० च्या ओसाका एक्स्पोत लोकांनी हा प्रकार पाहिला आणि देशभर झालं. पट्ट्याचा वेग त्यांनी सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर ठरवला. त्याहून हळू केला तर गिऱ्हाईक कंटाळतं, जोरात केला तर बशी उचलताना धांदल होते. तुमच्या बाबांच्या भाषेत, बस स्टॉपवर पुरेशी थांबते आणि वेळापत्रकही बिघडत नाही.

आता आत गेल्यावर काय. दारात यंत्र असतं, त्यावर किती माणसं ते टाकायचं आणि काउंटर हवा की टेबल ते सांगायचं. चिठ्ठी येते. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, तासभर कुठेच गेला नाही. ॲपवरून घरूनच नंबर लावता येतो, तो लावा. टेबलावर हिरव्या चहाची भुकटी असते. ती चमच्याने कपात घालायची आणि खवटरावांच्या तोटीच्या बटणाला कप टेकवून आत ढकलायचा. उकळतं पाणी येतं. चहा फुकट, कितीही प्या. आल्याच्या गुलाबी चकत्यांचा डबा असतो, तोही फुकट. वासाबी बहुतेक साखळी दुकानांत हल्ली सुशीत घालतच नाहीत, पुड्या वेगळ्या असतात. बाबांना सांगून ठेवा, ती पुदिन्याची चटणी नव्हे.

एका बशीत बहुधा दोन तुकडे. बशीच्या रंगावर किंमत. उचललेली बशी परत पट्ट्यावर ठेवायची नाही, हा एकच नियम डोक्यात ठेवला तरी चालेल. रिकाम्या बशा रचून ठेवायच्या, शेवटी मोजतात.

---

सदाशिव_पेठी · १५ मार्च, सकाळी ७:१५

म्हणजे रांगेत उभं आपण राहायचं, चहा आपण करायचा, वाढून आपण घ्यायचं, खरकटी भांडी आपण रचायची, आणि खायचं काय तर न शिजवलेलं. यात हॉटेलवाल्याचं काम कोणतं ते कळेल काय?

---

पिंपरीचा_फिटर · १५ मार्च, सकाळी ९:४०

पेठीसाहेब, हॉटेलवाल्याचं काम यंत्र करतं. थोडं अवांतर, पण धागा माझ्या धंद्यात शिरलाय म्हणून लिहितो.

मी इशिकावा प्रांतात, कानाझावाजवळ नोकरी करतो. जपानातले फिरत्या सुशीचे जवळजवळ सगळे कन्व्हेअर याच भागातल्या दोन कंपन्या बनवतात. कारखान्यात आपण वापरतो तसा रबरी पट्टा इथे चालत नाही, कारण तो काटकोनात वळत नाही. म्हणून खाली साखळी असते आणि तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकमेकींत सरकतील अशा बसवलेल्या असतात. वळणावर त्या पंख्यासारख्या उघडतात, सरळ रेषेत परत मिटतात. पुढच्या वेळी सुशीऐवजी पट्ट्याच्या कोपऱ्याकडे बघा. मी बायकोला घेऊन गेलो की पहिली दहा मिनिटं तेच बघतो, ती आता बोलत नाही.

आणि भात हाताने वळतात असं समजू नका. साखळी दुकानात भाताचे मुटके यंत्र पाडतं. सुझुमो कंपनीने असं पहिलं यंत्र १९८१ मध्ये आणलं. माणूस वर मासा ठेवतो, बस्स. चहाच्या तोटीलासुद्धा हेच लोक जबाबदार आहेत, टेबलाला गरम पाण्याची जोडणी द्यायची कल्पना इथल्याच कन्व्हेअरवाल्यांची. त्यामुळे वाढपी फक्त टेबल पुसायला आणि हिशेबाला. म्हणून तर बशी एवढी स्वस्त पडते.

---

वरणभात_तोक्यो · १५ मार्च, दुपारी १२:२०

आईंसाठी माझा सल्ला. मी पक्की शाकाहारी, सोळा वर्षं इथे आहे, आणि फिरत्या सुशीत कधी उपाशी उठले नाही.

निर्धास्त घ्यायचं ते काप्पामाकी, म्हणजे काकडीची गुंडाळी. शिनको-माकी म्हणजे पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची. काही ठिकाणी उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची गुंडाळी मिळते, ती आपल्या जिभेला फार लवकर पटते. मक्याचे दाणे आणि मेयोनीज घातलेली सुशी तुमच्या आईंना चालेल, अंडं खातात म्हणून. वांग्याची असली तर उत्तम. फ्रेंच फ्राइज असतात, पण त्याच तेलात मासेही तळलेत असं समजा. शेवटी आइस्क्रीम, केक, फळ.

नात्तो-माकी शाकाहारी आहे, आंबवलेलं सोयाबीन. पण पहिल्या भेटीत आईंना देऊ नका. वासानेच त्या उठून जातील.

फसवणारे पदार्थ तीन : इनारी (तळलेल्या टोफूची पिशवी आणि आत भात), तामागो (अंड्याची गोडसर वडी) आणि मिसो सूप. दिसायला निरुपद्रवी, पण तिन्हींत दाशी असतो, म्हणजे बहुधा बोनिटो माशाच्या सुक्या पापुद्र्यांचं पाणी. उदोनचंही, म्हणजे जाड शेवयांच्या सूपचंही तेच. आईंना आधी सांगा, मग त्यांचं त्या ठरवतील. न सांगता खायला घालू नका. माझ्या नणंदेने मला घातलं होतं, अजून बोलत नाही मी तिच्याशी. (बोलते. पण तो विषय निघाला की नाही.)

---

सदाशिव_पेठी · १५ मार्च, दुपारी १२:४५

पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी न्यावी. काकडी आणि गार भात एवढंच खायचं तर चटणी हवीच.

---

वरणभात_तोक्यो · १५ मार्च, दुपारी १:०२

बाहेरचं खाणं आत चालत नाही हो पेठीकाका. आणि भात गार नसतो. असू नये तरी. साधारण अंगाच्या उबेइतका असला तर दुकान चांगलं. त्यात व्हिनेगर, साखर, मीठ असतं. आंबटगोड लागतो.

---

नाडीपरीक्षा · १५ मार्च, दुपारी ३:३०

डॉक्टरकी करतो म्हणून दोन मुद्दे.

वडिलांचा डायबेटिस : लोक माशाची भीती घालतात, पण तुमच्या वडिलांनी जपायचं ते भाताला. वर लिहिलंय तशी त्यात साखर असते, आणि लहान लहान घास असल्यामुळे किती पोटात गेला ते कळत नाही. आधी किती बशा ते ठरवा. मध्येमध्ये साशिमी म्हणजे नुसता मासा मागवा, सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा खा (एदामामे). सोयासॉसमध्ये मीठ भरपूर, तेव्हा भाताची बाजू नाही, माशाची बाजू टेकवायची. भात बुडवला तर तो सॉस पिऊन घेतो आणि फुटतोही.

कच्चा मासा : खरी काळजी आनिसाकिस नावाच्या कृमीची. बांगड्याच्या जातीत, सामनमध्ये तो आढळतो. उणे २० अंशांवर २४ तास गोठवलं की मरतो. वासाबीने किंवा व्हिनेगरने मरत नाही, हा गैरसमज जपान्यांतही आहे. धास्ती वाटत असेल तर शिजवलेल्यापासून सुरुवात करा : उकडलेली कोळंबी (एबी), शिजवून वर गोड सॉस लावलेली वाम (आनागो). आबुरी सामन मात्र फक्त वरून आगीने होरपळलेलं असतं, आत कच्चंच.

---

माणकी_खाणारा · १५ मार्च, सायंकाळी ६:१०

डॉक्टर बरोबर. पण देवगडच्या माणसाला एवढं लाडाने न्यायची गरज नाही. मी गोंयचो. माझ्या वडिलांना मी सरळ बोट दाखवून आपली नावं सांगितली. सावा म्हणजे बांगड्याचा मोठा चुलतभाऊ, इवाशी म्हणजे तारली, इका म्हणजे तुमचं म्हाकूल (आमची माणकी), मागुरो म्हणजे कुपा. नाव ओळखीचं निघालं की अर्धा कच्चेपणा जातो. व्हिनेगरात मुरवलेला सावा त्यांनी पाच बशा खाल्ला आणि म्हणाले, सोलकढी घालायला विसरले काय?

सामन मात्र ओळखीचं निघत नाही. गंमत म्हणजे जपान्यांनाही ते कच्चं खायची सवय नव्हती. ऐंशीच्या दशकात नॉर्वेने आपलं शेतातलं, म्हणजे पिंजऱ्यात वाढवलेलं सामन इथे विकायची मोहीम काढली, तेव्हापासून सुशीवर चढलं. आज पोरं पहिलं तेच उचलतात.

---

निहोंगो_काकू · १५ मार्च, रात्री ८:००

पुण्यात तेवीस वर्षं जपानी शिकवते. विद्यार्थी पहिल्यांदा जपानला निघाले की हमखास सुशीच्या दुकानातले खास शब्द पाठ करून जातात. भाताला शारी, आल्याला गारी, चहाला आगारी, सोयासॉसला मुरासाकी. हे शब्द दुकानदाराचे, गिऱ्हाइकाचे नव्हेत. आपण "आगारी द्या" म्हणणं म्हणजे हॉटेलात बसून वाढप्याच्या आवाजात "दोन कटिंग मार" ओरडण्यासारखं. साधं ओचा म्हणा. बिलासाठी ओकाइकेइ. झालं.

---

देवगडची_पोर · १५ मार्च, रात्री ९:३०

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. नाडीपरीक्षा, बाबांना "बशा ठरवा" हे कसं सांगू ते बघते. माणकी_खाणारा, तुमची यादी छापून घेतेय.

एक शंका. पट्ट्यावर कोण जाणे किती वेळ फिरतंय, ते ताजं आहे हे कसं कळणार?

---

बाळ्या_ओसाकाकर · १५ मार्च, रात्री १०:१५

मोठ्या साखळ्यांत बशीच्या बुडाला चिप असायची. सुशिरोमध्ये बशा फिरायच्या तेव्हा बशी ३५० मीटर फिरली की यंत्र आपोआप तिला बाजूला काढायचं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. कुरामध्ये बशीवर पारदर्शक घुमट असतो. त्याला हात लावायचा नाही, बशीची कड वर उचलली की तो आपणहून उघडतो. लहान दुकानात मध्ये उभा असलेला मास्तर नजरेनेच ओळखतो.

पण ताई, आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि ही वाईट बातमी आहे. बऱ्याच ठिकाणी आता काहीच फिरत नाही.

---

देवगडची_पोर · १५ मार्च, रात्री १०:१७

म्हणजे??

---

बाळ्या_ओसाकाकर · १५ मार्च, रात्री १०:५५

२०२३ च्या जानेवारीत एक व्हिडिओ पसरला. गिफू शहरात सुशिरोच्या एका दुकानात एका पोराने सोयासॉसच्या बाटलीचं तोंड चाटलं, कप चाटून परत ठेवला, बोटाला थुंकी लावून पट्ट्यावरच्या सुशीला लावली. हसण्यासाठी. देशभर गहजब झाला. कंपनीच्या शेअरचा भाव पडला, पोरावर कोट्यवधी येनचा दावा झाला, पुढे तडजोड झाली. पाठोपाठ तसे आणखी व्हिडिओ निघाले. मग बऱ्याच साखळ्यांनी एकेक करत पट्ट्यावर मोकळ्या बशा सोडणं थांबवलं. आता पडद्यावर मागवायचं, आणि तुमचीच बशी सरळ मार्गिकेवरून सुसाट येऊन तुमच्यापुढे थांबते. फिरणारं असं काही राहिलं नाही. काही ठिकाणी तर मोठ्या पडद्यावर चित्रातल्या बशा फिरवतात.

खरं सांगायचं तर हे आधीच चाललं होतं. मागवलेलं ताजं असतं आणि फेकावं लागणारं अन्न कमी होतं, हे दुकानदारांना कळलेलंच होतं. त्या पोराने फक्त शेवटची घंटी मारली.

---

सागरी_सुमन · १५ मार्च, रात्री ११:२०

मला नाही वाईट वाटत. सिंगापूरला आमच्याकडे पडद्यावरूनच मागवतो. चित्र आहे, किंमत आहे, इंग्रजी आहे, शाकाहारींना शोधत बसावं लागत नाही. पट्ट्यावर ज्यावर पाच जण शिंकले ते मी का खाऊ?

---

वरणभात_तोक्यो · १५ मार्च, रात्री ११:३५

सुमनला +१. पट्ट्याकडे काकडीची वाट बघत मी अर्धा अर्धा तास बसलेली आहे. समोरून चोवीस माशांची मिरवणूक जायची आणि आमची काकडी शेवटी, गणपती विसर्जनातल्या शेवटच्या मंडळासारखी.

---

माणकी_खाणारा · १६ मार्च, सकाळी ८:००

मी उलट बोलणार. मी इथे आलो तेव्हा जपानी शून्य. इतर कुठल्याही दुकानात शिरायला घाम फुटायचा. दाराला पडदा, आत सगळे वळून बघणार, मेनू भिंतीवर कांजी लिपीत. फिरत्या सुशीत कोणाशी एक अक्षर बोलावं लागत नव्हतं. आवडलं दिसायला, उचललं. नाही आवडलं, बशी माझी, चूक माझी. काय खाल्लं त्याचं नाव वर्षभराने कळलं. पडद्यावर मागवायला आधी काय हवं ते माहीत लागतं. पट्ट्यावर ते माहीत नसलं तरी चालायचं.

---

पिंपरीचा_फिटर · १६ मार्च, सकाळी ९:१०

फिरतं बघायचंच असेल तर कुराला न्या. त्यांनी घुमटाखाली पट्टा चालू ठेवलाय, वर कॅमेरे लावलेत. पोरगं पण खूश होईल : रिकामी बशी टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायची, पाण्याच्या प्रवाहातून ती धुवायला जाते, आणि दर पाच बशांना पडद्यावर एक खेळ लागतो. जिंकलं तर वरून प्लास्टिकचा गोळा पडतो, आत खेळणं. चौथ्या बशीवर पोट भरलं तरी बाप पाचवी खातोच, असा तो धंदा आहे.

---

सदाशिव_पेठी · १६ मार्च, सकाळी ९:३०

भांडीही आपणच मोरीत टाकायची. उत्तम.

---

देवगडची_पोर · ५ एप्रिल, रात्री ११:००

मंडळी, वृत्तांत आणलाय. दोनदा गेलो. मोठं झालंय, चहा घेऊन बसा (तोटी सांभाळून).

पहिल्यांदा घराजवळच्या एका साखळी दुकानात. बाळ्यादादांचं न ऐकता रविवारी गेलो, सत्तर मिनिटं बाहेर बसलो. बाबांनी बाहेर बसल्या बसल्या चिठ्ठीचा नंबर आणि आत हाक मारतात तो नंबर यांचा हिशेब लावून सांगितलं, "अजून अकरा मिनिटां." बारा लागली.

आत टेबलाशी बसलो. बाबांनी पट्ट्याकडे बघितलं. पट्टा होता, पण थांबलेला, वर जाहिरातीच्या पाट्या. बाबा मला म्हणाले, "अगो, फिरता खंय ह्या?" मी सगळं समजावलं, २०२३, व्हिडिओ, पोरगा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका पासवाल्यान दंगो केलो म्हणून गाडीच बंद?"

त्या दिवशी खरी मजा आईने केली. पडदा इंग्रजीवर घातला, चित्रं दिसली, आणि पाच मिनिटांत तिने माझ्या हातातून तो काढूनच घेतला. काप्पामाकी, मका, वांगं, परत काप्पामाकी. बशी सुसाट येऊन समोर थांबली की दर वेळी दचकायची आणि हसायची. वरणभातताई, दाशीचं आधीच सांगितलं होतं. तिने इनारीवर बोट ठेवलं, "यात ते पाणी?" मी हो म्हटलं. बोट उचललं, पुढे. आल्याच्या चकत्यांचा डबा मात्र एकटीने अर्धा संपवला. म्हणाली, भात साखर घातलेल्या दहीभातासारखा लागतो, पण वर फोडणी हवी होती.

बाबांनी कोळंबी आणि वाम खाल्ली, सहा बशा ठरलेल्या त्या सहाच. एका बशीचे १२० येन म्हणजे सत्तरच्या आसपास रुपये हे कळल्यावर म्हणाले, देवगडात एवढ्यात थाळीतला तुकडा पण येत नाही. पण मन नव्हतं. घरी येताना गप्प.

दुसऱ्यांदा ओसाकात. बाळ्यादादांनी व्यक्तिगत निरोपातून एक दुकान सांगितलं होतं. नाव इथे लिहीत नाही, तिथे सगळ्या मिळून बारा खुर्च्या आहेत. गल्लीत, अर्धा पडदा खाली, बाहेर सायकली. आत गोल काउंटर, मध्ये साठीच्या पुढचा मास्तर एकटाच, आणि त्याच्याभोवती पट्टा. चालू. किर्र किर्र आवाज करत.

बाबांना मी जागा दाखवायच्या आत ते बसले होते, वळणाच्या अगदी जवळ. फिटरसाहेब, तुमची चंद्रकोर मी दाखवली. त्यांनी ती वाकून बघितली, मग मान हलवली, "घाटातलां वळण बरां घेता." मग जवळजवळ दहा मिनिटं काहीच उचललं नाही. नुसतं बघत होते. मास्तर पण तिरक्या नजरेने बघत होता, की हे गिऱ्हाईक खाणार आहे की नाही.

तेवढ्यात एक कोळंबीची बशी समोरून गेली. बाबा मला म्हणाले, मालवणीतच आणि जरा मोठ्याने, "ही चौथी फेरी हिची. हिका आता डेपोत घाल." आणि मास्तराकडे बघून चार बोटं दाखवली, मग बोटाने हवेत गोल गोल फिरवून दाखवलं, मग बशीकडे बोट.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जपानात कोणी असं करत नाही. मास्तराने एक क्षण बाबांकडे बघितलं. मग हात लांब करून ती बशी काढली, खाली ठेवली, आणि हसून काहीतरी बोलला ते मलाही नीट कळलं नाही. ओसाकाची बोली. पण त्याने नवीन काहीतरी वळलं आणि पट्ट्यावर न ठेवता थेट हातातून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. चंदेरी पाठीचं, वर आलं-कांदापात. मी माणकी_खाणाऱ्यांची यादी काढायच्या आत बाबांनी तोंडात टाकलं.

"तारली," म्हणाले.

इवाशीच होती. कच्ची. मग सावा खाल्ला, मग कुपा, मग म्हाकूल, सगळं पट्ट्यावरून, मला एकदाही न विचारता. बशी जवळ यायची, ते वाकायचे, पाठीच्या रंगावरून, कातडीवरून मासा ओळखायचे, चुकले तर मान हलवून पुढे. नाडीपरीक्षा, सहाच्या जागी नऊ बशा झाल्या, त्यातली दोन साशिमी. दुसऱ्या दिवशी साखर तपासली, बरी होती, रागावू नका.

आईला तिथे काकडी आणि मुळ्याच्या लोणच्यापलीकडे काही नव्हतं. चित्रांचा पडदा नाही, किमती भिंतीवर कांजीत. ती मुलाला घेऊन लवकर बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून केळं आणि ब्रेड घेऊन खाल्ला. स्पष्ट म्हणाली, तुझ्या बाबांचं दुकान तुझ्या बाबांना, माझं ते पहिलं. त्यामुळे सुमन आणि माणकी_खाणारा, दोघंही बरोबर, आमच्या घरातच दोन तट पडलेत.

शेवटी मास्तर बाहेर आला, बोटाने बशा रंगवार मोजायला लागला. बाबांनी आधीच मोजून ठेवल्या होत्या. मास्तर थांबायच्या आत बाबांनी हाताच्या बोटांवर एकोणीस दाखवले. मास्तराने परत पहिल्यापासून मोजलं. एकोणीस.

---

बाळ्या_ओसाकाकर · ५ एप्रिल, रात्री ११:४०

ताई, मास्तर काय बोलला ते मी सांगतो, काल जाऊन विचारून आलो. "आमच्याकडे इन्स्पेक्टर आलाय" म्हणाला. तुम्ही गेल्यावरही त्याने दोन बशा काढल्या म्हणे.

---

खवट_खोबरं · ६ एप्रिल, सकाळी ७:००

"तारली" वाचून डोळ्यात पाणी आलं. तोटीचं नव्हे. पुढील लेखनास शुभेच्छा!

---

सदाशिव_पेठी · ६ एप्रिल, सकाळी ७:२०

केळं आणि ब्रेड. मी चटणी न्या म्हटलं होतं.

---

देवगडची_पोर · ६ एप्रिल, सकाळी ८:०५

पेठीकाका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते पुढच्या वेळी नक्की.

बाबांनी पट्ट्याचा व्हिडिओ डेपोतल्या जुन्या मंडळींच्या गटावर टाकला होता. रात्रीत सदतीस उत्तरं आली. त्यातलं एक : "सगळा बरां, पण रिझर्वेशनवाली बशी कुठली ता कसा कळता?" बाबा मला विचारतायत, खरंच कसं कळतं? पहिल्या दुकानात मागवलेल्या बशा सरळ यायच्या, पण मास्तराच्या दुकानात आमच्या शेजारच्या माणसाने तोंडी मागवलं तेव्हा ती बशी पट्ट्यावरूनच गेली आणि कोणी उचलली नाही.

---

बाळ्या_ओसाकाकर · ६ एप्रिल, सकाळी ८:३०

खाली रंगीत वाडगा उपडा ठेवतात आणि त्यावर बशी. उंच दिसली की ती दुसऱ्याची. बाबांना म्हणावं, तिच्यावर पाटी लावलेली असते, "विनाथांबा".